रोटी घाटावरचा तुरटपणा

वाईन मला आवडत नाही, असं मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत होते. त्याला कारण एकच घोट. एका पार्टीत फ्रीजमधून थेट काढलेली रेड वाईन प्यायले, तोंड एकदम कोरडं पडलं आणि ग्लास तसाच ठेवून दिला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मावसभावाबरोबर रोटी गावातली फोर सीझन्सची वायनरी बघायला गेले. दादाची नारायणगावला खायच्या द्राक्षांची बाग आहे. गळ्यात माळ असल्यामुळे तो पिणार नव्हता. गाडी तो चालवणार आणि बाग बघणार, असं ठरलं होतं. हडपसर, उरुळी कांचन, यवत मागे टाकलं आणि पाटसला सोलापूर रस्ता सोडून बारामतीकडे वळलो. रोटी घाट लागला तसा दादाने वेग कमी केला. तुकोबांची पालखी याच घाटाने जाते. "चढाला रथाला जादा बैलजोड्या लावाव्या लागतात," तो म्हणाला. वारीत हा घाट त्याने पायी चढलाय.

फोर सीझन्सच्या बागेत तोडणीचे दिवस होते. दादा सरळ वेलीपाशी जाऊन बसला. एक घड तळहातावर तोलून म्हणाला, "आम्ही विरळणी करायची, घड जीएत, म्हणजे जिबरेलिक ॲसिडमध्ये बुडवायचे, मणी फुगवायचा. इथं मणी लहानच पाहिजे." का, ते परवानगी घेऊन एक काळा मणी तोडून खाल्ल्यावर समजलं. शिराझ जातीचं द्राक्ष होतं. आधी गर आला, खूपच गोड. मग जाड साल चावली, आणि शेवटी दाताखाली बी फुटली. त्याच क्षणी जीभ आकसली. सहा वर्षांपूर्वीचा तोच घोट! मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त, आणि रंग, वास, तुरटपणा बराचसा सालीत असतो. रेड वाईन सालीबियांसकट आंबवतात. पांढरीत रस आधीच दाबून वेगळा करतात, म्हणून ती तुरट लागत नाही.

हा तुरटपणा आणतं ते टॅनिन. तो शब्द मी वाचला होता, पण तो जिभेवर कधी आला नव्हता. तुरट म्हटलं की मात्र लगेच जांभूळ आठवतं, सुपारी, कोरा चहा. आपल्या सहा रसांत तुरट आहेच की. मला इतकी वर्षं वाटत होतं की वाईनमध्ये काहीतरी बिघडलंय.

टेस्टिंगला आधी शेनिन ब्लाँ दिली, मग सोव्हिन्यो ब्लाँ, या दोन्ही पांढऱ्या; शेवटी शिराझची रेड. ओतणाऱ्या मुलीने ग्लास दांडीला धरायला शिकवलं, म्हणजे हाताच्या उबेने वाईन तापत नाही. आधी वास, मग लहान घोट, आणि तो तोंडभर फिरवायचा. शिराझ इथे थंडगार नव्हती, जेमतेम गार होती. रेड फार थंड केली की तुरटपणा जास्त टोचतो आणि फळाचा वास दबतो, असं तिने सांगितलं. सोबत चीजचा तुकडा होता. तो चावून पुन्हा घोट घेतला तर कडा मऊ झालेल्या, मागे मिऱ्यासारखं काहीतरी रेंगाळलेलं. तो घोट मी मुद्दाम सावकाश गिळला.

पुस्तकांत रेड 'रूम टेंपरेचर'ला प्या म्हणतात, ते त्यानंतर घरी सुरुवातीला मी अक्षरशः पाळलं. पुण्यात एप्रिलमध्ये खोली पस्तीस अंशांवर जाते हो! रेडला साधारण 16 ते 18 अंश हवेत. आता बाटली प्यायच्या आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवते. शेनिनबरोबर कोथिंबीर वडी करते, आणि मटणाचा रस्सा असला तरच शिराझ उघडते.

निघताना सोव्हिन्यो ब्लाँचा माझा रिकामा ग्लास दादाने उचलला आणि नाकाशी नेला. बराच वेळ धरून ठेवला.

"पेरू," तो म्हणाला. "पिकलेला नाही. झाडावरचा, अजून हिरवा."