केंटकीत मदत कुणाला मिळते आणि मत कोण देतं

अमेरिकेतली गरीब माणसं आपलीच मदत कापणाऱ्यांना मत देऊन स्वतःच्याच पायावर धोंडा का पाडून घेतात, असं पुण्याहून मावशी दर निवडणुकीला विचारते. मी केंटकीत राहतो, म्हणून इथलंच सांगतो.

राज्याच्या पूर्वेला कोळशाचे डोंगर आहेत. खाणी बंद पडत गेल्या आणि माणसं सरकारी मदतीवर आली. २०१४ मध्ये गव्हर्नर स्टीव्ह बेशिअर यांनी मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्यविमा, जास्त लोकांना खुला केला. चार लाखांहून अधिक लोकांना त्याचा लाभ झाला. पुढच्याच वर्षी हा विस्तार मागे घेण्याची भाषा करणारे मॅट बेव्हिन गव्हर्नर झाले. औझली या अतिगरीब काउंटीतही (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) तेच जिंकले.

पण त्या निवडणुकीत मतदान जेमतेम ३० टक्के झालं होतं. मेडिकेडवरची पुष्कळ माणसं मतदानाला जातच नाहीत. जातात ती त्यांच्याहून एक पायरी वरची. माझ्या ओळखीची एक बाई गोदामात तासावर राबते. तिचा पगार मेडिकेडच्या मर्यादेच्या जरा वर, त्यामुळे ती बाहेर. कंपनीचा विमा आहे, पण पहिले काही हजार डॉलर खिशातून भरावे लागतात, म्हणून गुडघा दुखला तरी ती अंगावर काढते. चुलतभाऊ मात्र फुकट डॉक्टरकडे जातो. तिचा राग त्याच्यावर आहे, वॉशिंग्टनवर नाही. तिला नुसतं अडाणी ठरवणं मला पटत नाही. उत्पन्नाची रेघच अशी आखली आहे की शेजारी शेजाऱ्याचा हिशेब मांडत बसतो.

मदत घेणारेही स्वतःला मदत घेणारे समजत नाहीत. खाणीत फुप्फुसं काळी झालेल्या म्हाताऱ्याला भरपाई मिळते. ती आपण कमावली आहे, असं तो म्हणतो, आणि ते खरंच आहे. या भरपाईच्या निधीत कोळशावरच्या कराचा पैसा येतो. आयतं खाणारा म्हणजे नेहमी दुसरा कुणीतरी.

मेडिकेड हवं तर काम करा, ही बेव्हिन यांची अट २०१८ मध्ये न्यायालयाने अडवली. २०१९ मध्ये स्टीव्ह यांचे चिरंजीव अँडी निवडून आले आणि त्यांनी ती मागे घेतली. आता २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तीच अट पुन्हा आणली आहे : महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा, आणि त्याचा पुरावा. आर्कान्सा या दुसऱ्या राज्यात २०१८ साली अशाच अटीमुळे १८,००० लोकांचा विमा गेला. त्यात काम करणारेही होते, कागद भरता आले नाहीत इतकंच. गोदामातल्या बाईच्या चुलतभावालाही हे कागद भरावे लागतील. त्याचा विमा गेला म्हणून तिचा गुडघा बरा होणार नाही, हे मी तिला सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं, पण मत बदललं नाही.