‘विंटेज कर’ आला म्हणे! : एक खोटी अधिसूचना तपासण्याचा माझा अनुभव

‘१ एप्रिलपासून पन्नास वर्षांवरच्या प्रत्येक गाडीला दरवर्षी २०,००० रुपये विंटेज कर. न भरल्यास गाडी थेट भंगारात.’ एवढा मजकूर, त्याखाली अशोकस्तंभ छापलेली दोन पानी पीडीएफ आणि शेवटी ‘आपल्या गाडीची थकबाकी पाहा’ म्हणून एक लिंक. जुन्या गाड्यांच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे सकाळी येऊन पडलं आणि संध्याकाळपर्यंत एक चांगली चालती फियाट ११०० मिळेल त्या भावात जायच्या बेतात होती. म्हणून मी तो कागद ओळ न ओळ तपासायला बसलो. तो कसा तपासला, ते इथे लिहितो. असे कागद पुन्हा येणार आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे आकड्यांवरून खरं-खोटं ठरवायला जाऊ नका. २०,००० चा आकडा खरा आहे. १५ जुलै २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये विंटेज गाड्यांचे नियम घातले गेले. त्यात नव्या विंटेज नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षांची आहे आणि नंतरच्या फेरनोंदणीला ५,००० रुपये आहेत. पन्नास वर्षांची अटही तिथलीच. १ एप्रिल ही तारीख पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क वाढलं त्याची; ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं. भंगाराची भीती ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या स्क्रॅपिंग धोरणातून आली. ‘कर’ हा शब्द जुन्या गाड्यांवरच्या हरित कराच्या २५ जानेवारी २०२१ च्या प्रस्तावातून उचललेला दिसतो, आणि तो केंद्राने राज्यांकडे विचारार्थ पाठवायचा प्रस्ताव होता. चार जागचे चार खरे तुकडे एका वाक्यात शिवले होते. त्यामुळे ज्यांनी ‘विंटेज गाडी २०,०००’ असं शोधलं त्यांना आकडा लगेच सापडला आणि संशय होता तोही गेला.

मग पीडीएफ उघडली. केंद्राचं राजपत्र (गॅझेट) एकदा नीट पाहिलं असेल तर बनावट कागद ओळखायला पाच मिनिटं पुरतात. खऱ्या राजपत्राच्या पहिल्या पानावर वर ‘सीजी-डीएल-ई’ने सुरू होणारा ओळख क्रमांक असतो. त्यात प्रकाशनाची तारीख आठ आकड्यांत असते आणि पुढे अनुक्रमांक. आमच्या कागदावर तो क्रमांक होता, पण त्यातली तारीख खालच्या अधिसूचनेच्या तारखेच्या चार महिने आधीची. म्हणजे दुसऱ्याच कुठल्यातरी राजपत्राचं डोकं कापून इथे चिकटवलं होतं.

दुसरी खूण भाग-खंडाची. मोटार वाहन नियमांतले बदल ‘भाग २, खंड ३, उपखंड (१)’ मध्ये येतात आणि त्यांच्या क्रमांकाआधी हिंदीत ‘सा.का.नि.’ असतं. ‘का.आ.’ ही अक्षरं उपखंड (२) मधल्या आदेशांची. आमच्या कागदावर उपखंड (१) लिहून खाली ‘का.आ.’ छापलं होतं. तिसरी खूण मला सगळ्यांत पक्की वाटते. केंद्राच्या हिंदी पाठात या कायद्याचं नाव ‘मोटर यान अधिनियम’ असं येतं. बनवणाऱ्याने सगळीकडे बोलीतलं ‘मोटर वाहन’ लिहिलं होतं. लोगो, सही, शिक्का यांची नक्कल कुणीही करतो. शब्दाची सवय लपत नाही.

एवढं झाल्यावर ई-गॅझेटच्या संकेतस्थळावर जाऊन मंत्रालय आणि तारीख घालून शोध घेतला. तिथे काही मिळालं नाही. इथे एक काळजी घ्यायची : त्या एकाच तारखेवर थांबू नका, मागचे-पुढचे आठ-दहा दिवस पाहा, आणि काही मिळालं तर ते प्रारूप, म्हणजे नुसता मसुदा, आहे की अंतिम नियम, हे पहिल्या परिच्छेदात वाचा. प्रारूप असेल तर हरकती-सूचना मागवलेल्या असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ प्रमाणे नियम करण्याआधी ते पूर्वप्रसिद्ध करावे लागतात. ‘आज निघालं, परवापासून लागू’ असा नवा नियम दिसला की आधी त्याचं प्रारूप कुठे आहे ते विचारायचं.

पण हे सगळं न करताही तो कागद खोटा ठरत होता. केंद्राचं परिवहन मंत्रालय गाडीच्या नोंदणीचं शुल्क ठरवू शकतं. गाड्यांवरचा कर हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीतला विषय आहे, नोंद ५७. आपल्याकडे तो महाराष्ट्र मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ खाली घेतला जातो आणि त्यातला बदल राज्याच्या राजपत्रात येतो. अनुच्छेद २६५ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कर लावताच येत नाही. तेव्हा दिल्लीच्या परिवहन मंत्रालयाच्या नावाने ‘दरवर्षीचा वाहन कर’ असा कागद आला, की तो कागद स्वतःच स्वतःच्या विरोधात साक्ष देतो. गाड्यांच्या नादात आयुष्य काढलेली माणसंही कर आणि शुल्क एकच समजतात, आणि अशा अफवा तिथेच पोसल्या जातात.

लिंकचा प्रकार जास्त वाईट होता. ती दाबली की एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवायची फाइल, उतरत होती. अशी ॲप ‘एसएमएस वाचू द्या’ अशी परवानगी मागतात आणि ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर पलीकडे जातात. फाइल नुसती उतरली असेल तर न उघडता काढून टाका. ॲप बसवलं असेल तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा, सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन करा, आणि मगच फोन फॅक्टरी रीसेट करा. रीसेट आधी केलं तर पोलिसांना दाखवायला काही उरत नाही. गाडीची थकबाकी पाहायची असेल तर परिवहनचं सरकारी संकेतस्थळ किंवा प्ले स्टोअरवरचं एमपरिवहन ॲप, एवढंच.

घाबरून ज्यांनी गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म सह्या करून दलालाच्या हाती दिले होते, त्यांना ते मूळ प्रतींसकट परत घ्यायला लावले. झेरॉक्स परत मिळून उपयोग नाही. काही जण आरसी रद्द करायच्या विचारात होते. कलम ५५ खालचं रद्दीकरण हे नष्ट झालेल्या किंवा कायमच्या निकामी झालेल्या गाडीसाठी आहे. चालत्या गाडीची आरसी अशी घालवली की ‘बीएम’ने सुरू होणारा तो जुना नंबर सांभाळणंच धोक्यात येतं. विंटेज नोंदणीत आधीच नोंद असलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो. नव्याने नोंद होणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेला नंबर मिळतो.

मग खरा खर्च किती? साध्या नोंदणीवर ठेवलेल्या गाडीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. ऑगस्ट २०२५ मधल्या बदलानंतर वीस वर्षांवरच्या मोटारीला त्यासाठी १०,००० आणि मोटारसायकलला २,००० रुपये. आयात गाड्यांचे दर वेगळे आणि बरेच चढे आहेत. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, तोही पाच वर्षांचा एकदम. २०१० साली तो आला तेव्हा पेट्रोल मोटारीला ३,०००, डिझेलला ३,५०० आणि दुचाकीला २,००० होता. विंटेज नोंदणी घेतली तर रोजच्या वापराला आणि धंद्याला गाडी काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठीच ती रस्त्यावर आणायची. त्या बदल्यात २०२२ च्या थर्ड पार्टी विमा नियमांत विंटेज मोटारीला हप्त्यावर ५० टक्के सूट आहे. ही खरी बातमी मात्र फॉरवर्ड होत नाही.

विंटेज नोंदणीला अर्ज फॉर्म २० वर. सोबत विमा, जुनी आरसी, आणि गाडी आयात केलेली असेल तर बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टमचा कागद. पन्नास वर्षं पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, म्हणून आरसी बुकाचं ते पान सुटं झालं असेल तर आधी ते स्कॅन करा. राज्याची समिती गाडी पाहते. अडचण येते ती इंजिनाची. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी अँबॅसॅडर नि जीपमध्ये डिझेलच्या नादात दुसरं इंजिन बसवलेलं आहे. चासी नंबरची पेन्सिल प्रिंट घेताना आधी रॉकेलने मळ आणि गंज पुसा, वायर ब्रश लावू नका. पंच केलेला नंबर आधीच उथळ झालेला असतो आणि एखादा ८ घासला जाऊन ३ सारखा दिसू लागला तर तिथे सगळं अडतं. आरसीवरचा, गाडीवरचा आणि ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीतला नंबर एकच हवा. जुन्या हस्तलिखित बुकाची नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर आरटीओत आधी बॅकलॉग एंट्री करून, म्हणजे ती जुनी नोंद संगणकावर चढवून घ्या.

ग्रुपवर उत्तर टाकताना मूळ पीडीएफ पुन्हा जोडली नाही, कारण जोडलेली फाइल उत्तर मागे टाकून एकटीच फिरते. ओळख क्रमांकाच्या जागेचा फोटो घेतला, त्यावर लाल रंगात आडवं ‘खोटं’ लिहिलं, खाली तीन ओळी : केंद्र वाहन कर लावत नाही, २०,००० हे दहा वर्षांच्या नोंदणीचं शुल्क आहे, लिंक दाबू नका. फियाटचे फॉर्म दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले.