गुणगुण सापडली, आणि ती पिकअपमध्ये नव्हतीच

शनिवारी रात्री नऊच्या सुमारास, घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात, मी स्टेजवर वाकून एक बारीक वायर उपटली आणि माझ्या बेस गिटारच्या अ‍ॅम्पमधून येऊन चार महिने छळणारी गुणगुण थांबली. पूर्ण थांबली. ड्रमरने स्टुलावरूनच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एवढी स्वच्छ शांतता आम्ही त्या मास्टर व्हॉल्यूमला आजवर ऐकली नव्हती.

मागच्या वेळी माझ्या जॅझ बेसच्या (दोन पिकअप असलेल्या बेस गिटारच्या; पिकअप म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणारी, चुंबकाभोवतीची गुंडाळी) पोकळीत गोंगाट अडवायला तांब्याची पट्टी लावल्याचं सविस्तर लिहिलं होतं आणि शेवटी ‘विषय संपला’ असं ठोकून दिलं होतं. ते मागे घेतो. पट्टी वाया गेलेली नाही. एलईडी पारच्या (स्टेजच्या दिव्यांच्या) जवळ उभं राहिलं की येणारी ती टोकदार झिर्रर्र गेली, तारांवरचा हात काढल्यावर आवाज वाढायचा तेही जवळजवळ बंद झालं. पण तांबं अडवतं ते विद्युत क्षेत्र. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्यातून आरपार जातं, आणि सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचा पिकअप, ते उचलतोच. त्यावर जॅझ बेसचा उपाय एकच: दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडे ठेवायचे, म्हणजे उलट्या गुंडाळीचे दोन पिकअप एकमेकांची गुणगुण खातात. मी गेली दोन वर्षं तसंच वाजवतोय. तरीही गुणगुण होती, हेच कोडं होतं.

पट्टीबद्दल एक सांगून ठेवतो. ऑनलाइन स्वस्तात मिळालेल्या रोलचा गोंद वीजवाहक नव्हता. वरून सगळं चकाचक दिसतं, पण मल्टिमीटर लावला तर प्रत्येक तुकडा वेगळा. सगळ्या सांध्यांवर डाखणकाम करत बसलो, अख्खा रविवार गेला. दुसरा रोल लॅमिंग्टन रोडवरून, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणला. दुकानदाराने विचारायच्या आधीच मीटर काढून दोन तुकडे एकावर एक चिकटवून दाखवले. थोडे पैसे जास्त गेले, पण असं दुकान असताना मी पुन्हा ऑनलाइन घेणार नाही.

आता मूळ दुखणं.

पट्टी लावल्यानंतरचा पहिला गिग कोलशेतला होता, पावसाळ्यात, क्लबहाउसमध्ये. दुसऱ्या सेटला एक संथ गाणं आहे, सुरुवातीला फक्त आवाज आणि पियानो, बेस बराच उशिरा येतो. त्या मोकळ्या जागेत माझ्या अ‍ॅम्पमधून ऊंऊंऊं असा सूर सतत चालू. मी बेसचा व्हॉल्यूम शून्यावर नेला. आवाज तेवढाच. तिथेच कळायला हवं होतं की पिकअपचा यात हात नाही, पण गाणं चालू असताना डोकं तिकडे जात नाही.

त्यात गाणं जी मध्ये. ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा जी ४९ हर्ट्झला वाजतो आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला एक हेलकावा. मी लांब धरलेला प्रत्येक जी फुगत होता, ओसरत होता. मध्यंतरात गायिका ताईंनी विचारलं, “शेवटचा सूर मुद्दाम हलवत होतास का रे? मला सूर धरताना त्रास झाला.” ते मला फार लागलं. बेसवाल्याचं काम गायकाच्या पायाखाली जमीन देण्याचं. माझ्यामुळे जमीन हलत होती.

मग सुरू झाला पाठलाग. घरी वाजवलं तर आवाज नाही. कोपरखैरण्याच्या रिहर्सलच्या खोलीत नाही. वाशीला सभागृहात कार्यक्रम झाला, तिथे तर टाचणी पडली तरी ऐकू येईल. आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात वर्तकनगरला मंडपात पुन्हा ऊंऊंऊं. मी केबल बदलल्या, सगळ्या, नॉयट्रिकचे जॅक लावून स्वतः बनवलेल्या. बेसचा आउटपुट जॅक बदलला. दुसऱ्या बेसवाल्या मित्राचा अ‍ॅम्प हेड नेला. डीआयवरचं (बेसचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या भागावरचं) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे तिथली ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण दाबलं: आवाज थोडा कमी झाला, गेला नाही. या ‘थोडा कमी’ने मला सगळ्यात जास्त भरकटवलं. मी म्हटलं, ग्राउंड लूप (ग्राउंडच्या जोडण्यांचं बंद कडं, ज्यात विजेची गुणगुण फिरते) असता तर लिफ्टने गेलाच असता, म्हणजे लूप नाही.

एका ठिकाणी साउंडवाल्याने सुचवलं, “तुमच्या प्लगची अर्थची पिन काढून टाका, लगेच बंद होईल.” होईलही. पण हे कुणीही, कधीही, कुठल्याही गिगला करू नका. मी बॅकिंग व्होकल देतो, म्हणजे हात धातूच्या तारांवर आणि ओठ माइकच्या धातूच्या जाळीवर. अ‍ॅम्पमध्ये काही बिघडलं आणि अर्थ नसेल तर तो प्रवाह माझ्यातून जाणार. मंडपातल्या एक्स्टेन्शन बोर्डांना तर कित्येकदा अर्थची वायर जोडलेलीच नसते. माझ्या बॅगेत तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर कायम असतो आणि अ‍ॅम्प लावण्याआधी मी तो लावतोच. अर्थ नसेल तर दुसरा सॉकेट मागतो. त्यात साउंडचेकची दहा मिनिटं गेली तरी चालतील.

या वैतागात मी जॅझ बेस विकून प्रिसिजन (एकाच पिकअपचा दुसऱ्या प्रकारचा बेस, म्हणजेच पी) घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. १९५७ पासूनचा तो दोन तुकड्यांचा पिकअप स्वतःच गुणगुण मारतो, नॉबचा हिशेब नको. वाशीच्या एका मुलाकडचा जुना पी बघूनही आलो, वाजवूनही पाहिला. बरं झालं पैसे दिले नाहीत.

धागा सापडला तो ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या पेडलवर. जुन्या दिवसांत, म्हणजे पट्टी लावण्याआधी, मी एक पिकअप बंद करून उभा राहिलो की ट्यूनर पेडल काहीही न वाजवता जीकडे लुकलुकायचं, साधारण ३५ सेंट चढा जी (शंभर सेंट म्हणजे एक अर्धसूर). ५० हर्ट्झ बरोबर तिथेच पडतो. शनिवारी साउंडचेकला सहज खाली पाहिलं तर ट्यूनर पूर्ण गप्प. अ‍ॅम्प मात्र गुणगुणतोय. मी मोबाइलवरचा ट्यूनर कॅबिनेटसमोर धरला: जी, चढा. म्हणजे बेसमधून ट्यूनरपर्यंत सगळं स्वच्छ येतंय आणि घाण त्याच्यानंतर मिसळतेय. ट्यूनरनंतर काय? कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार सारखे करणारं पेडल), एक केबल, अ‍ॅम्प. एवढंच. असं मला वाटत होतं.

रांगोळीची आणि संगीत खुर्चीची बक्षिसं वाटायला पंधरा मिनिटं होती, त्यात मी पेडलबोर्डाजवळ, म्हणजे पेडलं बसवलेल्या फळीजवळ बसलो. दर वेळी अ‍ॅम्प म्यूट करून एकेक वायर काढली. बेस काढला, गुणगुण तशीच. ट्यूनर ते कॉम्प्रेसर काढली, तशीच. कॉम्प्रेसर ते अ‍ॅम्प काढली, शांत. परत लावली, परत सुरू. मग पेडलांना वीज देणाऱ्या डेझी चेनचं (अनेक टोकांच्या एकाच वायरचं) एकेक टोक काढायला घेतलं. तिसरं टोक इन-इअरच्या (स्वतःला ऐकायला कानात घालायच्या मॉनिटरच्या) हेडफोन अ‍ॅम्पचं होतं. ते काढलं आणि ती शांतता आली.

इन-इअर मी जूनमध्ये सुरू केले. पट्टीही जूनमध्येच लावली. पट्टीचंच काहीतरी चुकलं असं समजून मी तीनदा बेस उघडला, आणि बाजूला ठेवलेल्या त्या मुठीएवढ्या डबीकडे एकदाही पाहिलं नाही.

लूप असा होता. मिक्सरच्या ऑक्समधून (माझ्या कानांसाठीच्या वेगळ्या आउटपुटमधून) येणाऱ्या केबलची शिल्ड, म्हणजे बाहेरची जाळी, हेडफोन अ‍ॅम्पच्या ग्राउंडला. तिथून डेझी चेनच्या सामाईक ऋण तारेने कॉम्प्रेसरच्या ग्राउंडला. तिथून गिटार केबलच्या शिल्डने अ‍ॅम्पच्या चॅसीला, चॅसीवरून भिंतीतल्या अर्थला, आणि अर्थवरून फिरून मिक्सरला. डीआयवर मी पुढचं दार बंद करत होतो, मागचं सताड उघडं होतं. गिटार केबल बॅलन्स्ड (शिल्डशिवाय सिग्नलला दोन तारा असलेली) नसते, तिची शिल्ड म्हणजेच सिग्नलची परतीची वाट. त्या वाटेवर ५० हर्ट्झचा प्रवाह वाहिला की तो सुरात मिसळणारच.

सगळ्या जागांचा हिशेबही जुळला. घरी मिक्सर नाही. रिहर्सलला मी इन-इअर लावत नाही, अ‍ॅम्पच ऐकतो. वाशीच्या सभागृहात स्टेज आणि मिक्सर एकाच वितरण पेटीवर, दोन्हींच्या अर्थमध्ये फरकच नाही. आणि सोसायट्यांमध्ये स्टेजला वीज लिफ्टच्या लॉबीतून, मिक्सरला क्लबहाउसमधून किंवा जनरेटरवरून. दोन वेगळ्या अर्थ, त्यांच्यात थोडासा विद्युतदाब, आणि जोडणारा पूल माझं पेडलबोर्ड.

साउंडवाल्या दादांच्या पेटीत ९ व्होल्टची एक बॅटरी निघाली. ती हेडफोन अ‍ॅम्पमध्ये घातली, कान लावले: ऐकू येतंय, गुणगुण नाही. दुसऱ्या सेटला तेच संथ गाणं होतं. जी धरला. सरळ, स्थिर, शेवटपर्यंत. ताईंनी वळून हसून पाहिलं. दहाला स्पीकर बंद झाले आणि मसाला दूध हातात घेऊन मी दादांना पूर्ण लूप वहीत काढून दाखवला. त्यांनी पानाचा फोटो घेतला.

आता पुढचं. बॅटरी हा तात्पुरता इलाज आहे, मधेच संपली तर कान बंद. पहिला विचार होता पेडलांसाठी आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्यायचा, प्रत्येक आउटपुट वेगळं. किंमत पाहून दुसरा विचार आला: ऑक्सच्या वाटेत १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, एका छोट्या डबीत, दोन एक्सएलआर (तीन पिनांचे जॅक) लावून. पण लहान गाभ्याचा स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालच्या सुरांना फाटतो, आणि मला कानात माझी ई, ४१ हर्ट्झ, नीट हवी आहे. त्यामुळे जरा मोठा घ्यावा लागेल.

हे लिहीत असतानाच आणखी सोपं सुचलं. माझ्या हेडफोन अ‍ॅम्पचा इनपुट बॅलन्स्ड आहे. मग ऑक्सच्या केबलची एक नंबरची पिन फक्त माझ्याकडच्या टोकाला उघडी ठेवली तर? शिल्ड मिक्सरकडे जोडलेली राहील, लूप तुटेल. खर्च शून्य, डाखणाचे दोन ठिपके. ही सिग्नलची शिल्ड आहे, विजेचा अर्थ नाही, त्यामुळे वर लिहिलेला धोका इथे नाही. फक्त त्या केबलला लाल टेप लावायला हवी, चुकून कुणी ती कंडेन्सर माइकला लावली तर फँटम (मिक्सरकडून माइकला केबलमधून मिळणारी वीज) पोचणार नाही. जिथे मिक्सरचा ऑक्स अनबॅलन्स्ड असेल तिथे हे चालेलच याची खात्री नाही, तिथे ट्रान्सफॉर्मरच. म्हणजे दोन्ही करतो. आधी केबल, आज रात्रीच.

आणि प्रिसिजन? आता गरज नाही. जॅझ माझ्याकडेच राहतोय. वाचलेल्या पैशांतून फ्लॅटवाउंड (वरून सपाट, गुळगुळीत) तारा घेणार आहे. अमेरिकन बेसवादक जेम्स जेमरसनच्या त्या १९६२ च्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच होत्या आणि तो म्हणे त्या बदलायचाच नाही. तेवढ्या जुन्या मला नकोत, पण बोटांची घसरण ऐकू न येणारा तो गोल सूर हवा आहे.

कारण ऐरोलीच्या हळदीला एक गोष्ट जमली, तीही सांगायची आहे. कोळीगीतांच्या मेडलेत आमच्याबरोबर ढोलकीवाला आणि ताशा होता. आधीच्या प्रत्येक हळदीला मी सहा मात्रा भरून वाजवायचो आणि सगळा चिखल व्हायचा. ढोलकीचा धुमाही (खर्जाची बाजू) खालच्याच पट्ट्यात बोलतो, मी त्याच्यावर चढत होतो. या वेळी मी पहिली आणि चौथी एवढ्याच मात्रा घेतल्या, सूर तोडून, डाव्या हाताने लगेच दाबून. बाकी जागा धुम्याला. तिसऱ्या गाण्याला अंगणातल्या बायका आपसूक त्या दोन मात्रांवर पाय टाकायला लागल्या. ढोलकीवाले काका जाताना म्हणाले, “आज तू मला वाजवू दिलंस.” वर्षभरातली माझी सगळ्यात मोठी कमाई हीच. मोकळ्या जागेत वाजवायचं तर सूर जागच्या जागी थांबायला हवा, म्हणून फ्लॅटवाउंड.

ऐरोली स्टेशनवरून परत येताना बेस पाठीवर आणि बोर्ड हातात होता. ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत तो बोर्ड तीनदा आपटला. तेव्हा डेझी चेनबरोबरच बोर्डाचं आकारमानही कमी करायचं आहे. कॉम्प्रेसर मला खरंच लागतो का, हे एकदा तो काढून वाजवून बघणार.

पुढचा कार्यक्रम दिवाळी पहाट, राम मारुती रोडजवळ. सहाच्या आधी स्पीकर लावता येत नाही, म्हणून साउंडचेक आदल्या संध्याकाळी. स्टेज आणि मिक्सरची वीज वेगवेगळ्या ठिकाणांहून येणार हे आयोजकांकडून आजच विचारून घेतलं. लाल टेपवाल्या केबलची खरी परीक्षा तिथेच. बॅगेत दोन नव्या बॅटऱ्या टाकल्या आहेत. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर ग्रँट रोडला उतरून ट्रान्सफॉर्मर बघून येतो. कुणी मोठ्या गाभ्याचा वापरला असेल तर नंबर सांगा.