वाकडी चिप

पणजीला मांडवीतल्या जहाजावर मी सात वर्षं कॅसिनोत डीलर होते, म्हणजे टेबलामागं उभी राहून पत्ते वाटणारी, चाक फिरवणारी. त्या सात वर्षांत गल्लीत कुणी विचारलं की आई सांगायची, "पोरगी हॉटेलात हाय." २०२० च्या मार्चमध्ये कॅसिनो बंद पडले, मी कोल्हापूरला घरी आले ती आलेच. आता लग्नातली संगीताची रात्र, साठीचे कार्यक्रम, कंपन्यांच्या पार्ट्या यांत खोटाखोटा कॅसिनो मांडून देते. रुलेटचं एक चाक, दोन टेबलं, चिप्सची म्हणजे पैशाऐवजी लावायच्या चकत्यांची पेटी आणि नोटांच्या जागी पोरांच्या खेळातल्या 'चिल्ड्रन बँके'च्या नोटा. खरा पैसा लावायचा नाही आणि जिंकणाऱ्याला बक्षीससुद्धा नाही, ही अट मी आधीच घालते. लोक म्हणतात, "एवढं काय ताई, गंमत तर हाय." असू दे गंमत. आपल्याकडे जुगाराचा कायदा १८८७ चा आहे. मध्ये १९७६ साली कॅसिनोंसाठी वेगळा कायदा झाला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. हे सगळं पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून समजावायची मला हौस नाही.

गेल्या थंडीत शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्या मालकांचा फोन आला. पाहुणे आणि मित्र मिळून बावीस जणांना घेऊन ते गोव्याला निघाले होते. "ताई, तिथं आमचं हसं व्हायला नको. कसं बसायचं, कसं उठायचं, तेवढं एका संध्याकाळी शिकवा. नंतर तांबडा-पांढरा हायच."

बावीसात तीन पत्ती न खेळलेला एकही नव्हता. अडचण तीच होती. ज्याला पत्ते येतच नाहीत त्याला शिकवणं सोपं. गणपतीच्या मांडवामागं वीस वर्षं खेळलेल्या माणसाचे आधी हात बांधावे लागतात. तो पत्ते उचलतो, छातीशी धरतो, डाव सोडताना फेकतो, जिंकला की दोन्ही हातांनी ढीग ओढून घेतो. कॅसिनोत यातलं काहीही केलं तर डीलर दचकतो.

पहिलीच गंमत चिप्स घेताना झाली. पहिल्या गृहस्थांनी खेळातल्या पाच हजारांच्या नोटा माझ्या हातात द्यायला धरल्या. मी हात पुढं केला नाही. त्यांनी आणखी पुढं सारल्या. मी तशीच उभी. "घ्या की ओ," ते म्हणाले, आणि आवाजात दुखावल्यासारखं आलं. बाईमाणसानं हातातून पैसे घेतले नाहीत याचा त्यांनी वेगळाच अर्थ लावला असावा. मी म्हटलं, "काका, टेबलावर ठेवा." त्यांनी ठेवल्या. मग मी त्या एकेक करून पसरल्या, आकडा मोठ्यानं म्हटला, चिप्स मोजून पुढं सरकवल्या, दोन्ही तळवे उघडून वर दाखवले.

"हे काय, नमस्कार?" मागून कोणीतरी.

नमस्कार नव्हे. टेबलाच्या बरोबर वर छताला कॅमेरा असतो. नोट हातातून हातात गेली तर पाचशेची होती की शंभराची हे त्याला दिसत नाही. टेबलावर पसरली की उद्या भांडण झालं तरी पुरावा राहतो. डीलर टेबल सोडतानाही हात झटकून, उलटसुलट करून दाखवतो, चिप लपवून नेत नाही म्हणून. हुपरीच्या एका चांदीवाल्यांना हे सगळ्यांच्या आधी पटलं. ते शेजारच्याला म्हणाले, "आमच्या कारखान्यात नखातला कणसुद्धा झाडून जावं लागतंय. त्यातलंच हे."

ब्लॅकजॅक, म्हणजे एकवीसच्या वर न जाता डीलरपेक्षा जास्त करायचे तो पत्त्यांचा खेळ, अर्ध्या तासात उरकला. पानं उघडी वाटली असतील तर त्यांना हात लावायचा नाही. पान हवं असेल तर टेबलावर बोटानं टकटक, नको असेल तर तळहात आडवा हलवायचा. तोंडानं सांगितलं तरी खूण करायचीच, कारण कॅमेऱ्याला ऐकू येत नाही. पैज एकदा मांडली की डाव संपेपर्यंत तिला स्पर्श नाही. बसायच्या आधी टेबलावरच्या कापडावर काय छापलंय ते वाचायचं. ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोन पानांतच एकवीस, लागल्यावर तीनास दोन मिळत असतील तर शंभराला दीडशे, सहास पाच असेल तर एकशेवीसच. तिथल्या रोषणाईत हे वाचायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही.

एकच खटका उडाला. डीलरचा सहा दिसत असताना मालकांच्या भाच्यानं चौदावर पान मागितलं, राजा आला, त्याचे दहा धरून चोवीस झाले आणि तो गेला. शेजारचे त्याच्यावर ओरडले, "डीलरचं पान खाल्लंस की रे मर्दा!" म्हणजे ते पान डीलरला गेलं असतं तर तो बुडाला असता. पोरगं कावरंबावरं झालं. चौदावर मागणं चुकीचंच होतं, पण त्याची चूक त्याच्यापुरती. एकाच्या खेळानं दुसऱ्याचं कधी बिघडतं, कधी सुधारतं, आणि सुधारलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. परक्या माणसाला न विचारता सल्ला देणं हा त्या टेबलावरचा सगळ्यात मोठा उद्धटपणा. हे मी जरा कडकच बोलले.

मग रुलेट. फिरत्या चाकात चेंडू सोडायचा, तो ज्या आकड्यात बसेल तो लागला. इथं प्रत्येकाला वेगळ्या रंगाच्या चिप्स मिळतात, म्हणजे छत्तीस घरांवर पसरलेल्या गर्दीत कुणाची कुठली ते कळतं. त्या रंगीत चिप्स त्या टेबलाच्याच. उठताना डीलरला देऊन साध्या करून घ्यायच्या, नाहीतर खिशात घालून घरी आणाल आणि पोरांना खेळायला द्याल. आकडा लागला तर एकास पस्तीस. शून्य धरून घरं सदतीस. मी हिशेब करून दाखवला: सगळ्या सदतीस घरांवर शंभर-शंभर लावा, सदतीसशे गेले, एक घर लागणारच, त्याचे, लावलेले शंभर धरून, हातात येतात छत्तीसशे. शंभर कुठं गेले? जहाजाच्या डिझेलला. यावर लोक हसले, पण मालकांनी कागदावर लिहून घेतलं.

गुळाचे एक अडत व्यापारी होते, सगळे त्यांना आबा म्हणत. पांढरा लेंगा, टोपी, खांद्यावर टॉवेल. तासभर नुसते बघत बसले, मग एकदम सतरावर पाच चिप्स ठेवल्या. तोवर मालकांचे साडू सगळ्यांत पुढं होते आणि ते त्यांच्या बसण्यातही दिसत होतं. मी चेंडू सोडला. हात आडवा फिरवून "नो मोअर बेट्स" म्हटलं, म्हणजे आता पैजा बंद. चेंडू टिकटिक करत खाली आला, सतरात बसला. एकच गलका. मी आबांच्या चिप्सवर डॉली ठेवली. डॉली म्हणजे लागलेल्या घरावर ठेवायची ती छोटी बाहुली. ती उचलेपर्यंत टेबलावर कुणाचा हात येता कामा नये. हरलेल्या चिप्स ओढल्या, आबांचे एकशेपंचाहत्तर मोजायला लागले.

"थांबा," साडू म्हणाले. "ती चिप सतरा आणि वीसच्या रेघेवर होती."

रेघेवर म्हणजे दोन घरांत विभागलेली पैज. तिला एकास सतरा. एकशेपंचाहत्तर नव्हेत, पंच्याऐंशी.

मी टेबलाकडं पाहिलं. चिप्स सतराच्या मधोमध होत्या. पण खरं सांगायचं तर चेंडू पडताना मी चाकाकडं बघत होते. डीलरनं टेबलावरून नजर काढायची नसते. जहाजावर असते तर सुपरवायझरला हाक मारली असती, त्यानं वर कॅमेऱ्याच्या खोलीत विचारलं असतं. हॉलच्या छताला फक्त पंखा होता.

दोन्ही बाजूंनी आवाज चढले. बक्षीस नाही, पैसा नाही, प्लास्टिकच्या नव्वद चिप्सचा प्रश्न, आणि जुनी नाती असलेली माणसं "माझा शब्द खोटा काय?" इथवर आली. तेवढ्यात मघाचा तो भाचा हळूच म्हणाला, "ताई, माझ्याकडं व्हिडिओ हाय."

टेबलाजवळ फोन काढायचा नाही, हे मी सुरुवातीलाच तीनदा सांगितलं होतं. त्यानं चहाच्या थर्मासआडून रील काढलं होतं. रागवायचं तसंच राहिलं. सगळे त्या पाच इंचांवर वाकले.

चिप्स रेघेवरच होत्या. माझा हात फिरला, चेंडू पडला, आणि गलक्यात एक जाड बोट आलं. बोटानं चिप्स अलगद सतरात सरकवल्या आणि परत गेलं. बोटात पोवळ्याची अंगठी होती.

कुणी काही बोललं नाही. साडूंनीसुद्धा मान खाली घातली. या गोष्टीला कॅसिनोत नाव आहे आणि शिक्षाही आहे. माणसाला दारापर्यंत पोचवतात, पुन्हा आत घेत नाहीत. ते तिथं बोलायची माझी छाती झाली नाही.

आबा स्वतःच्या बोटाकडं बघत होते. "वाकडं दिसत होतं गं," ते म्हणाले. "मी सरळ केलं नुसतं."

माझा विश्वास बसला. आधीच्या तासाभरात त्यांनी समोरचे कप, बशा, माझ्या पेन्सिली सगळं रांगेत लावलेलं मी पाहिलं होतं. मी पंच्याऐंशी मोजले, त्यांच्या पुढं सरकवले, तळवे दाखवले. डॉली उचलली.

"आमचा बा वडगावच्या बाजारात बैलाचा सौदा रुमालाखाली करायचा," ते जरा वेळानं म्हणाले. "बोटं धरून. चारचौघांत बोली झाली तर किंमत जाती म्हणायचा. आन् तुझ्यात सगळं उघड्यावर." मग ते पुढचे सगळे डाव खेळले, पण चिप स्वतः ठेवली नाही. हात टॉवेलाखाली घेऊन बसायचे आणि मला आकडा सांगायचे. एकदाही लागला नाही. साडू मात्र प्रत्येक डावाला "आबांचा आकडा धरा की ताई" म्हणून मला आठवण करून देत राहिले.

रात्री जेवणं झाली. मी चाक गोणपाटात गुंडाळत होते तेव्हा आबा आले. रिकाम्या टेबलावर त्यांनी पाचशेची घडी घातलेली नोट ठेवली, हात मागं घेतला आणि दोन्ही तळवे उघडून मला दाखवले, अगदी शिकवल्यासारखे. जहाजावर बक्षिसी मिळाली की आम्ही ती पेटीवर दोनदा वाजवून आत टाकायचो. सवयीनं मी नोट उघडून पसरली.

चिल्ड्रन बँकेची होती.

"कॅमेऱ्यात बघ की," आबा म्हणाले, आणि टॉवेल खांद्यावर टाकून पान खायला बाहेर गेले.