झऱ्यापासून टाकीपर्यंत: ‘बाराशे मीटर’ या आकड्यावर जाऊ नका

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात केरीच्या वर, चोर्ला घाटाच्या पायथ्याची चाळीस घरांची वाडी. काम एवढंच: रायीच्या (देवाच्या नावाने राखलेल्या रानाच्या) कडेचा झरा बांधून पाणी उताराने वाडीतल्या टाकीत आणायचं. फिर्गजेची, म्हणजे चर्चच्या पॅरिशची, पंधरा जणांची तुकडी, पाच दिवस, मे महिन्याचा पहिला आठवडा. निघण्याआधी हातात पडलेल्या कागदावर होतं: अंतर १२०० मीटर, उतार ३८ मीटर, चालत वीस मिनिटं. यातला उतार तेवढा खरा. पाइप १७५० मीटर लागला आणि खांद्यावर भेंडोळं असताना चाल पाऊण तासाची आहे. बाराशे हे मोबाइलच्या नकाशावर बोटाने ओढलेल्या रेघेचं अंतर. पाइपला कुळागरं (सुपारीच्या बागा), गडगे (दगडी कुंपणं) आणि व्हाळ (ओढे) चुकवत जावं लागतं. दोरी घेऊन स्वतः मोजा, वर दहा टक्के धरा, मगच मागणी नोंदवा.

पाइप ४० मिमीचा एचडीपीई (काळं प्लास्टिक), १०० मीटरचं भेंडोळं, वजन २५ किलोच्या आसपास. वजन त्रास देत नाही, आकार देतो. पिकअपमध्ये अठरा भेंडोळी एका खेपेत मावत नाहीत, आणि हे ठाऊक असलेला पिकअपवाला भाडं खेपेवर ठरवतो. भाडं कामावर ठरवा. पाइप घेताना आयएस ४९८४ (या पाइपचं भारतीय मानक) आणि दाबवर्ग छापलेला आहे का बघा. त्याहून महत्त्वाचं, दोन्ही टोकांवरचे छापील मीटरचे आकडे वाचून वजाबाकी करा. शंभराच्या नावाखाली दोन भेंडोळी ब्याण्णवची निघाली. दुकानात हे एका मिनिटात कळलं असतं, रानात कळून काय उपयोग?

पहिले दोन दिवस टाकीचे. फेरोसिमेंट (जाळीवर सिमेंटचा लेप), व्यास अडीच मीटर, उंची २.१, म्हणजे दहा हजार लिटर. सिमेंटच्या १५ ते १८ गोणी, सिमेंट-वाळूचा मसाला एकास तीन, कोंबडीजाळीचे दोन थर. गवंडी चांगला असेल तर यात सांगण्यासारखं काही नाही. निदान सात दिवस पाणी मारायची जबाबदारी वाडीतल्या कुणावर तरी नाव घेऊन टाका, कारण तुकडी तोवर परतलेली असते.

झऱ्यावर मात्र घाई नको. राय देवाची आहे. गावकाराला (गावच्या मानकऱ्याला) विचारून, देवाला गाऱ्हाणं घालून मगच पहार लावायची. चर्चची माणसं म्हणून बाजूला उभं राहू नका, नारळ ठेवताना तिथे असा. टाकीवर क्रूस नको आणि देणगीदाराची पाटीही नको. जागा म्हादई अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आधी हातात घ्या, तोंडी ‘चालेल’ चालत नाही.

इथलं पाणी जांभ्यातून झिरपतं आणि खालच्या चिकट पांढरट मातीवर अडून बाहेर पडतं. ती माती म्हणजे झऱ्याचा तळ. ‘अजून थोडं खणलं तर जास्त पाणी येईल’ म्हणत ती फोडली की पाणी खाली मुरतं, झरा गेला. झऱ्यावर पाणी धरायला बांधायच्या पेटीची ओसंडवाट झऱ्याच्या तोंडापेक्षा खालीच ठेवा. पेटीत पाणी तोंडाच्या वर चढलं की ते मागे दाबलं जातं आणि दुसरीकडून वाट काढतं. मोजमाप मेमध्येच करा: वीस लिटरची बादली ८० सेकंदांत भरली, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. माणशी ५५ लिटर धरलं तर दोनशे माणसांना ११,००० पुरे. जुलैचं मोजमाप कुणी दाखवलं तर घडी करून परत द्या.

आता पाइपचा झऱ्याखालचा तीनशे वीस मीटरचा तुकडा. सगळा राग याच्यावर आहे. झऱ्याखाली लगेच दोन उंचवटे आहेत. पहिल्याचा माथा झऱ्यापेक्षा ३ मीटर खाली, मग ५ मीटरचा खोलगट, मग दुसरा उंचवटा खोलगटापासून ४ मीटर वर. दोन्ही माथे झऱ्याच्या खाली, म्हणून कागदावर सगळं ठीक. रिकाम्या पाइपात पाणी सोडलं की ते पहिला माथा ओलांडून खोलगटात साचतं आणि मधल्या उतारावर हवा कोंडते. त्या हवेवर दाब फक्त ३ मीटर उंचीच्या पाण्याचा, पाणी उचलायचं ४ मीटर. काम थांबलं. पुढे टाकीपर्यंत ३४ मीटरचा उतार आहे, पण पाणी तिथवर पोचतच नाही, तर तो उतार काय करणार? पाइप तुंबला समजून पाच ठिकाणी कापला जातो, प्रत्येक कापावर एक कपलर (दोन टोकं जोडणारा जोड) आणि एक गळती वाढते.

उपाय: पहिल्या माथ्यावर टी (तीन तोंडांचा जोड) बसवून अर्ध्या इंची नळ लावा. पाणी सोडताना तो उघडा ठेवा, सलग धार आली की बंद. आठवड्याला एकदा पुन्हा उघडावा लागतो. आपोआप चालणारा एअर व्हॉल्व्ह बारीक लाल मातीने अडकतो, त्यावर पैसे घालू नका. खरा निकाल असा, की उंचवटे ओलांडूच नका. डोंगराच्या कुशीने वळसा घातला तर १४० मीटर पाइप जास्त लागतो आणि कटकट संपते. चढउतार गवंड्यांच्या पारदर्शक लेव्हल पाइपने तपासा. मोबाइलने दाखवलेली उंची काही मीटर चुकते आणि इथे भांडण एका मीटरचं आहे. टाकीकडच्या सलग उतारावर ३२ मिमी पुरतो. मोठा पाइप घातला म्हणून झरा जास्त पाणी देत नाही, उलट धार मंदावते आणि हवेचे बुडबुडे पुढे सरकत नाहीत.

चर ६० सेंमी खोल. वर राहिला तर रानडुकरं उकरतात. कपलर बसवताना टोक सरळ कापा, कड घासा, रबरी कडी पुसा. एक वाळूचा कण गळतीला पुरतो. जांभ्यातलं पाणी बहुधा आंबट असतं, जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) जोड गंजतात. प्लास्टिकचेच घ्या.

नव्या टाकीचं निर्जंतुकीकरण: भरलेल्या दहा हजार लिटरला दीड किलो ब्लिचिंग पावडर, चोवीस तास, मग रिकामी. हे पाणी व्हाळात सोडू नका, मासे मरतात. नंतर रोजच्या पाण्याला दहा हजार लिटरमागे ३० ग्रॅमपासून सुरुवात करा आणि शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिग्रॅ क्लोरीन उरतं का ते किटने बघा. उघड्या गोणीतली जुनी पावडर निकामी.

गोचिडीचं आधी सांगायला हवं होतं. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे (गोचिडी चावून होणाऱ्या तापाचे) रुग्ण सापडले आहेत आणि कामाचा मोसम नेमका गोचिडीचा. अंगाला लावायचं तेल आरोग्य केंद्रात मागा, पालापाचोळ्यात बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर लांबूनच कळवा.

परतीचा पिकअप केरीपर्यंतचाच ठरवा. तिथून साखळीला बस मिळते.