आमची वाटचाल : चिलापी, पालक आणि २०१८ चा श्रावण

आमची शेड कोल्हापूरजवळ वडणगे रोडला. काम अ‍ॅक्वापोनिक्सचं, म्हणजे टाकीत चिलापी मासे पाळायचे आणि त्यांच्याच पाण्यावर खडीच्या वाफ्यात पालेभाजी पिकवायची. टाक्यांचे स्टँड उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतले, पण वाफ्यात भरलेलं पाणी आपोआप ओढून काढणारे बेल सायफन आम्ही हातानं बनवले. उभा पाइप, त्यावर टोपी घातलेला जाड पाइप, त्याला खाली खाचा. पाणी उभ्या पाइपाच्या तोंडाशी चढलं की सायफन धरतो आणि खडीचा वाफा रिकामा होऊन मुळांना हवा मिळते. नव्यानं करणाऱ्यांना सांगतो, उभ्या पाइपाच्या तोंडाला रिड्यूसर (वर रुंद, खाली निमुळता जोड) बसवा, धार बारीक असली तरी सायफन धरेल. आणि नव्या टाकीत जिवाणू तयार व्हायला महिना-दीड महिना जातो, तोवर मासे भरायची घाई करू नका.

२०१९ च्या महापुरात वीज गेली, तेव्हा जनरेटरवर टाकीत हवा सोडणारा ब्लोअर चालवून मासे जगवले. भेटेल तो त्याचंच कौतुक करतो. पण आमचं दुकान खरं बसायला आलं होतं ते त्याच्या आदल्या वर्षी, श्रावणात.

एक व्यापारी आमचा पालक-मेथी उचलायचा. त्यानं दर पाडून मागितला, आम्ही माल थेट खानावळींना द्यायला लागलो. मग त्यानं दारोदार सांगितलं, "ती भाजी माशाच्या घाणीवर वाढते, श्रावणात चालवून घेणार काय?" आठवड्याभरात बहुतेक ऑर्डरी बंद. श्रावणात मासा तर कुणी घेतच नाही. म्हणजे भाजी पडून, चिलापीही पडून, आणि खाद्य मात्र रोज टाकायचं. खाद्य तोडलं की वाफ्याला नत्र मिळत नाही, पालक पिवळा पडतो. खाद्यवाल्याची उधारी वाढत गेली. शेडचे पत्रे विकायचं घरात बोलणं सुरू झालं होतं.

मंगळवार पेठेत खानावळ चालवणाऱ्या एक काकू आहेत, पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. त्यांची खानावळ शुद्ध शाकाहारी. त्या एका दुपारी रिक्षानं शेडवर आल्या. पालकाची जुडी मुळासकट उपटून नाकाला लावली. आम्ही दाखवलं, माशाच्या विष्ठेतला अमोनिया जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, झाड घेतं ते नायट्रेट. शेणखतातही शेवटी तेच होतं. काकूंनी एवढंच विचारलं, "औषध मारतोस काय रे?"

"मारलं तर मासेच मरतील, काकू."

"मग बाजारातल्यापेक्षा हीच सोवळी," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून रोजच्या दुप्पट जुड्या नेल्या. पंगतीत बसलेल्यांना तोंडावर सांगायच्या, पालक कुठला आणि कसा पिकलेला. त्यांच्या मेंबरांकडूनच पुढच्या दोन खानावळी परत आल्या. गणपतीनंतर मासाही उठला आणि उधारी फिटली.

त्यानंतरची वर्षं नीट गेली. लोह कमी पडून नवी पानं पिवळी पडली तर चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) द्या, पाण्याचा पीएच सातच्या आसपास ठेवा, आणि काही झालं तरी शेजारच्या शेतातला फवारा वाऱ्यानं टाकीवर येऊ देऊ नका.

तो व्यापारी मागच्या वर्षी माणूस पाठवून दर विचारत होता. त्या माणसाला चहा पाजला, माल दिला नाही. काकूंना मात्र आजही जुडी २०१८ च्याच दरानं जाते, आणि त्या शेडवर आल्या की सगळ्यात कोवळा वाफा आधी त्यांच्यासाठी कापतो.