चाल

२००६ ची पुरुषोत्तम करंडकाची तालीम, कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेची, माझा रोल इन्स्पेक्टरचा. एंट्री घेतली की सर थांबवायचे, "अरे बाईसारखा काय चालतोस, परत ये." मी परत विंगेत, परत एंट्री, परत तेच. पंधरावीस वेळा तरी झालं असेल आणि बाकीची पोरं हसून हसून आडवी. चार दिवसांनी रोल दुसऱ्याला गेला आणि मी बॅकस्टेजला. स्पर्धेत भरत नाट्य मंदिरात पडदा मी ओढला, आणि "आवाज कुणाचा" ओरडताना माझाच घसा सगळ्यात आधी बसला. सर वाईट नव्हते हां, लाइट्स मला त्यांनीच शिकवले, रात्री उशीर झाला की स्वतःच्या स्कूटरवरून होस्टेलला सोडायचे. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं सगळं त्यांच्यावरचा राग म्हणून वाचाल.

ही चाल मी विसरलो होतो असं मला वाटत होतं. मग २०१९ च्या फेब्रुवारीत, ऑफिसने इकडे अमेरिकेत पाठवून जेमतेम सहा महिने झालेले, ब्रॉडवेवर 'क्वायर बॉय' बघितलं. सगळ्यात स्वस्त तिकीट, खांबाआडची सीट. ब्लॅक मुलांची एक बोर्डिंग शाळा, त्यातला फॅरस नावाचा मुलगा शाळेचं गाणं म्हणतोय, बायकी म्हणतात तसा आहे, आणि गाता गाता मागून कोणीतरी त्याला शिवी देतं. तो थांबतो. एवढंच. हेडमास्तर विचारतात कोण बोललं, तो नाव सांगत नाही. जेरेमी पोप नावाच्या नटाने काय काम केलंय ते मी लिहायला बसलो तर पोस्ट संपणार नाही, पण मला राहून राहून एकच वाटत होतं की ह्या नटाला, ह्या लेखकाला कोणीच कसं म्हणालं नाही, "परत ये, नीट चाल"?

लेखक टॅरेल अॅल्विन मॅक्रेनी. 'मूनलाइट' सिनेमावाला, ज्यासाठी त्याला बॅरी जेन्किन्ससोबत २०१७ चं ऑस्कर मिळालं. हा मायामीच्या लिबर्टी सिटीतला, जन्म १९८०, आई क्रॅकच्या व्यसनात अडकलेली आणि पुढे एड्सने गेली. तो शाळकरी वयाचा असताना टिओ कास्तेयानोस नावाच्या रंगकर्मीने त्याला आपल्या ग्रुपमध्ये घेतलं. ही पोरं व्यसनमुक्ती केंद्रात, बालसुधारगृहात जाऊन प्रयोग करायची. म्हणजे बघा, आईच्या व्यसनाबद्दल ज्या पोराने शाळेत तोंड उघडलं नसतं, त्याला पहिला प्रेक्षक कोण मिळाला तर ज्यांच्या घरी तेच चाललंय ते लोक. तिथे अभिनय करून दाखवायची सोयच नाही, खोटं लगेच पकडलं जातं. माझ्या मते त्याचं खरं ड्रामा स्कूल तेच, डीपॉल आणि येल ही विद्यापीठं नंतरची.

येलला असताना त्याने 'द ब्रदर्स साइझ' लिहिलं. त्यात पात्रं स्वतःच्या रंगसूचना स्वतःच मोठ्याने बोलतात, म्हणजे ओगुन नावाचा माणूस प्रेक्षकांकडे बघून सांगतो की ओगुन आत येतो, आणि मग येतो. आपल्याला सूत्रधाराची सवय असल्यामुळे ह्याचं एवढं काय असं वाटेल, पण मी वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून दोन मिनिटं बसलो होतो. एंट्री कशी घ्यायची हे तो माणूस स्वतः सांगतोय ना राव.

आणि तिथेच २००५ मध्ये ऑगस्ट विल्सन ह्या मोठ्या ब्लॅक नाटककाराच्या 'रेडिओ गोल्फ' नाटकाला हा असिस्टंट होता. विल्सनच्या दहा नाटकांच्या मालिकेतलं ते शेवटचं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विल्सन गेला. विल्सन स्ट्रेट माणूस, त्याच्या नाटकांतले पुरुष बाप, नवरे, ड्रायव्हर, कचरा उचलणारे, आणि पंखाखाली हा गे पोरगा. मला आधी हे विचित्र वाटायचं. मग मागे मागे वाचत गेलो. विल्सनला कोणी उभं केलं तर लॉइड रिचर्ड्सने, ते येल ड्रामा स्कूलचे डीन, १९८४ मध्ये त्याचं 'मा रेनी' त्यांनीच बसवलं (त्यातली मा रेनी मैत्रीण घेऊन फिरते, हे लोक विसरतात). आणि हेच रिचर्ड्स १९५९ मध्ये ब्रॉडवेवर 'अ रेझिन इन द सन' बसवत होते, तेव्हा तिथे ब्लॅक दिग्दर्शक जवळजवळ नव्हतेच. त्यांचं नाव सुचवलं नट सिडनी पॉयटिएने, जो त्यांचाच विद्यार्थी. विद्यार्थ्याने मास्तरला काम मिळवून दिलं, आपल्याकडे असं कधी ऐकलंय? आणि नाटक लिहिणारी लॉरेन हॅन्सबेरी २८ वर्षांची, लेस्बियन, पण ते उघड नाही. 'द लॅडर' ह्या लेस्बियन मासिकाला तिने १९५७ मध्ये पत्रं पाठवली ती फक्त आद्याक्षरं घालून. पुढे १९६४ च्या मे महिन्यात, कॅन्सरने पार खंगलेली असताना, ती लेखनस्पर्धा जिंकलेल्या ब्लॅक मुलांसमोर बोलायला गेली. तरुण असणं, अंगात गुण असणं आणि ब्लॅक असणं ह्या तिन्हीचा आनंद एकत्र घ्या, असं काहीसं तिने त्यांना सांगितलं. आठ महिन्यांनी गेली, वय ३४. त्या मुलांमध्ये तिच्यासारखं कोणी बसलं असेल का, आणि तिला ते कळलं असेल का, हा विचार मी उगाच फार वेळ करतो.

२०१७ मध्ये मॅक्रेनी येललाच नाट्यलेखन विभागाचा प्रमुख झाला. तेव्हा तिथे जेरेमी ओ. हॅरिस शिकत होता, तोही ब्लॅक आणि गे, त्याला शिकागोच्या डीपॉलमधून पहिल्या वर्षानंतर काढलेलं, अभिनयाच्या कोर्समधून. त्याने विद्यार्थी असतानाच 'स्लेव्ह प्ले' लिहिलं, २०१९ मध्ये ते ब्रॉडवेवर गेलं आणि त्याला टोनीची, म्हणजे ब्रॉडवेच्या सगळ्यात मोठ्या अवॉर्डची, बारा नॉमिनेशन्स मिळाली, अवॉर्ड शून्य. नाटक मला निम्मंच आवडलं खरं तर, मधला भाग भयंकर ताणलाय. पण कोविडमध्ये थिएटरं बंद पडल्यावर ह्याने नाटककारांना ५०० डॉलरच्या छोट्या ग्रँट्स द्यायला लावल्या. ५०० डॉलर म्हणजे न्यू यॉर्कमध्ये अर्ध्या खोलीचंसुद्धा भाडं नाही, तरी मला ते फार आवडलं, कारण गुरू म्हटलं की आपल्याला सल्ले आठवतात आणि इथे कोणीतरी किराणा भरतंय. येल ड्रामा स्कूलची फी तर २०२१ मध्ये सरळ माफच झाली, १५ कोटी डॉलरची देणगी आली म्हणून. फी मुळे कितीजण आधी दारातूनच परत गेले असतील देव जाणे.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच आहे. आमच्या कॉलेजच्या यंदाच्या टीमने मला व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलंय, सीनियर म्हणून, तालमीचे व्हिडिओ टाकतात. काल एकाने पर्सनलवर मेसेज केला. सेकंड इयरचा पोरगा, गावातला सावकार करतोय. व्हिडिओ बघितला, चालतो अगदी माझ्यासारखा, आणि सावकार म्हणून मला तो जास्तच भीतीदायक वाटला, त्या लचकण्यामुळेच. त्याने लिहिलंय, "दादा सगळे म्हणतायत चाल बदल, काय करू, खरं सांगा."

मी चार वेळा रिप्लाय टाइप करून खोडला. आता जो लिहिलाय तो दोन ओळींचा आहे. पण तिकडे रात्रीचे अडीच वाजलेत, तालमीने दमून झोपला असेल, सकाळी पाठवतो.